ट्रकचा रंग

अंबाल्यास असताना शेजारच्या वृद्ध सरदारजींनी ऐन पौषात आपला जुना ट्रक रंगवावयास काढला. फवाऱ्याचा खर्च झेपणारा नव्हता. एनॅमलचा डबा, टर्पेंटाइन, पॉलिश पेपर आणि कुंचला एवढाच सरंजाम. रविवारी मीही बाह्या सरसावल्या.

सकाळी पत्रा दवाने ओला. अकरापर्यंत उन्हाची वाट पाहावयाची, डबा ऊन पाण्यात ठेवून रंग सैल करावयाचा, पातळ हात द्यावयाचा आणि तीनला थांबावयाचे, असा त्यांचा नेम. फायली निकालात काढण्याची सवय जडलेला मी मात्र दाराचा पत्रा सायंकाळपर्यंत रेटीत राहिलो. रात्री दव पडले. सकाळी दार राखेसारखे निस्तेज!

सरदारजी रागावले नाहीत. "थंडीत रंगाला घाई खपत नाही, साहेब," एवढेच म्हणाले. चार दिवसांनी, रंग वाळल्यावर, ते दार पुन्हा घासू लागले. घासता घासता आतल्या थरातून जुनी अक्षरे वर आली. ते त्यांच्या दिवंगत भावाचे नाव होते. ट्रक दोघांनी मिळून घेतला होता. त्यांचा हात थांबला. मग सभोवती निळा रंग देऊन त्यांनी ती अक्षरे पिवळ्या रंगाने सावकाश गिरविली.

प्रत्येक बदलीच्या वेळी दारावरची आपली पाटी मी किती सहज उतरवीत आलो, हे मला त्या दिवशी प्रथमच जाणवले.