वजन उचलायचं, पण स्वतःसाठी



आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा एमबीबीएसला लागला. वडील मार्केट यार्डात हमाल. अकरावीपासून तो नेमाने जिमला जायचा. पहिल्या वर्षी अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीचा डोंगर. एका चाचणीत मार्क कमी पडले, तेव्हा हॉस्टेलच्या जिममध्ये एक सीनियर म्हणाला, "कोट्यातून आलायस, आधी पास हो, मग दंड फुगव." इतरांनी केला तर फिटनेस, आमच्या पोराने केला तर माज! ही कुठली मानसिकता?

पण खरं सांगायचं तर आम्हीही त्याला वेगळं काय सांगितलं होतं? "बाबासाहेब 18-18 तास अभ्यास करायचे, तुला जिम सुचतेच कशी?" त्याने जिम सोडली. अभ्यास काही वाढला नाही. जिममध्ये दोन पोरं त्याच्याशी मोकळं बोलायची, तीही तुटली. तो खोलीतच बसू लागला, आमचे फोन उचलेनासा झाला.

सुट्टीत घरी आला तेव्हा म्हणाला, "दादा, बाबासाहेबांना मधुमेहाने किती पोखरलं होतं, ते 65व्या वर्षी गेले, हेही मुलांना सांगत जा ना." आम्ही निरुत्तर झालो.

आता तो आठवड्यातून दोनच दिवस जातो, पाऊण तास. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, रोइंग. बाकी फापटपसारा नाही. कमावलेली ताकद टिकवायला कमी व्यायाम पुरतो, वजन मात्र फार हलकं करायचं नाही, हे त्यानेच आम्हाला समजावलं. परीक्षेच्या आठवड्यात एकच दिवस. झोप मोडून व्यायाम नाही. महागडी पावडर नाही. अंडी, हरभरे, सोयाबीन.

साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, वर एक वर्ष इंटर्नशिप. एवढा पल्ला देह झिजवून गाठता येत नाही. देहदंड सोडून मध्यम मार्ग सांगणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी, मग पोरांना देहदंड का सांगतो?

पिढ्यानपिढ्या आपल्या माणसांनी दुसऱ्यांची ओझी वाहिली. त्याच्या वडिलांची पाठ आजही दुखते. पोरगा आज स्वतःच्या मर्जीने, स्वतःसाठी वजन उचलतोय. आपल्या घरातलं पोर शिकायला बाहेर असेल, तर मार्कांच्या आधी एकदा विचारा, "जेवलास का? झोपलास का? जिमला गेलास का?"

आम्ही हे उशिरा शिकलो.