दम वाया जात नाही

रोज पहाटे रंकाळ्यावर फिरायला जातो तेव्हा सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं धापा टाकत शेजारून निघून जातात. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढलं की भरतीत धावण्याचे पूर्ण ६० गुण. त्या साडेपाच मिनिटांवर अख्ख्या घराचा डोळा असतो.

आणि मग एखाद्याचा पाय जातो. नडगीत कळ येते, डॉक्टर सांगतात की हाडाला बारीक चीर आहे, पळणं बंद. घरात सुतक पडल्यासारखं होतं. "एवढी वर्षं वाया गेली हो सर!" नोकरीत असताना पालकांच्या तोंडून हे वाक्य किती वेळा ऐकलं, त्याची गणती नाही.

अशा वेळी मला कॅनडाचा मायकेल वूड्स आठवतो. २००५ साली, अठराव्या वर्षी, तो एक मैल (म्हणजे आपल्या भरतीच्या अंतराहून नऊ मीटर जास्तच!) ३ मिनिटं ५७ सेकंदांत धावला. पुढे पायाच्या हाडाला पुन्हा पुन्हा चिरा पडल्या आणि धावणं संपलं. मग तो सायकलकडे वळला. पळताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार पायावर आदळतो. सायकलवर तो भार खोगीर उचलतं, पण हृदय आणि फुप्फुसं तितकीच राबतात. ती तर त्याने आधीच कमावली होती.

सगळं आयतं मिळालं नाही, बरं का. घोळक्यात सायकल कशी चालवायची हे त्याला विशी उलटल्यावर शिकावं लागलं. २०१६ साली तो अव्वल दर्जाच्या व्यावसायिक संघात आला. २०२० मध्ये शर्यतीत पडून मांडीचं हाड मोडलं, आणि त्याच वर्षी स्पेनच्या मोठ्या शर्यतीतला एक टप्पा त्याने जिंकला. २०२३ च्या जुलैत, छत्तिसाव्या वर्षी, 'टूर द फ्रान्स'मधला प्वी द डोमच्या डोंगरमाथ्यावर संपणारा टप्पाही त्याने मारला.

एवढ्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर घ्या. सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय निकामी झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहून त्यांनी भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिलं. वेळ ३७.३३ सेकंद. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडलं.

आता कुणी म्हणेल, "सर, आमचं पोरगं हौसेसाठी पळत नव्हतं, नोकरीसाठी पळत होतं. शर्यतीची सायकल लाखांत जाते. आणि भरतीचं वय काही थांबत नाही." खरं आहे. वूड्सची गोष्ट सांगून कुणाची चूल पेटत नाही. सगळेच पेटकर होत नाहीत, हेही मला कळतं.

पण आपल्याकडे तालमीत ज्याला 'दम' म्हणतात, तो काही एका पायात राहत नाही. पहाटे चारला उठायची सवय, छाती फुटेस्तोवर नेट लावणं, उद्या पुन्हा तेच करणं... ज्याने हे चार वर्षं केलं, त्याच्याकडे एक मोठी कमाई आहे. ती कुठे लावायची, हे ठरायला वेळ लागतो. वूड्सलाही लागलाच की!

म्हणून माझं सांगणं एवढंच. पायाला प्लास्टर घालून पोरगं कोपऱ्यात बसलेलं असतं, तेव्हा घरात जे बोललं जातं ते त्याच्या मनात फार काळ राहतं. तेवढे दिवस 'वाया' हा शब्द घरात काढू नका.