'क' वर्गातील कागद

ज्या यादीविषयी पुढे लिहायचे आहे तिच्या शेवटच्या पानावर चार सह्या आहेत आणि त्यांतली तिसरी माझी आहे. हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. आपल्याकडे दप्तरांच्या नाशाविषयी लिहिताना वाळवी, पाऊस, उंदीर आणि 'प्रशासन' नावाचा एक निराकार पुरुष यांच्यावर ठपका ठेवून मोकळे होण्याची प्रथा आहे. प्रस्तुत प्रकरणात या चौघांपैकी कोणाचाही दोष नव्हता.

२००९ साली मी एका विद्यापीठाच्या मराठी विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होते. 'नॅक'ची समिती यायची होती. विभागाच्या मागच्या खोलीत पाच लोखंडी कपाटे होती, दोन कपाटांच्या किल्ल्या हरवलेल्या होत्या आणि कपाटांवर छतापर्यंत गठ्ठे रचलेले होते. खोली मोकळी दिसली पाहिजे, असे ठरले. निर्लेखन समिती नेमली गेली आणि समितीत सर्वांत कनिष्ठ मी असल्याने यादी करण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. मला त्याचा आनंदच झाला होता, हेही कबूल करते. कायम नेमणुकीची आशा असलेल्या माणसाला कोणतेही काम सांगितले तरी तो ते निष्ठेने करतो.

सरकारी कार्यालयांतील कागदांची जात ठरलेली असते. 'अ' वर्ग कायम जपायचा, 'ब' तीस वर्षे, 'क' दहा वर्षे, 'क-१' पाच वर्षे आणि 'ड' एक वर्ष. आमच्याकडेही हीच कोष्टके चालत. गुणनोंदवह्या 'अ' वर्गात, कारण उद्या कोणी गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मागितली तर ती देता आली पाहिजे. एम. ए.च्या विद्यार्थ्यांनी सादर केलेल्या प्रबंधिकांना मात्र कोष्टकात स्वतंत्र जागाच नव्हती. त्या परीक्षेचे साहित्य म्हणून धरल्या गेल्या आणि 'क' वर्गात बसल्या. १९७४ ते १९९७. मी नग मोजले, वर्षवार लिहिले, सही केली. तीन दिवसांनी एक टेम्पो आला. वजन करताना काट्यावर सुतळी सुटून एक गठ्ठा उघडला आणि आमच्या विभागातले शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, ह्यात बायकांची गाणी हायेत की." मी म्हटले, "हो, ओव्या आहेत." आणि पुढचा गठ्ठा मोजला.

या प्रबंधिका म्हणजे काही थोर संशोधन नव्हते. बहुतेकांची प्रस्तावना एकाच ग्रंथावरून उतरवलेली, निष्कर्षाच्या प्रकरणात सरांचे आभार. पण दुसरे आणि तिसरे प्रकरण यांत त्या त्या मुलाने आपापल्या गावातून जे गोळा करून आणलेले असे, ते दुसरीकडे कोठेही नव्हते. शेतीच्या अवजारांची नावे, लग्नातले उखाणे, धनगरांच्या ओव्या, बोलीतल्या म्हणी, एखाद्या यात्रेतल्या भारुडाची वही. विषय विद्यापीठाने दिलेला, पण सांगणारी माणसे आजी, चुलती, वाड्यावरची म्हातारी. घरात पहिल्यांदाच एम. ए.ला आलेली ही मुले होती आणि विभागाने त्यांना नकळत एक मोठे काम सांगितले होते: तुझ्या घरातली भाषा लिहून आण. त्यांनी ती आणली, आम्ही तिला शंभरपैकी गुण दिले.

ओव्यांचे संकलन जपले जाऊ शकत नाही असे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्यांचे जे काम केले, त्यातून एक लाखाहून अधिक ओव्या आज आपल्याला उपलब्ध आहेत. गाणारीचे नाव, गाव, तालुका यांसह. तेथे नोंद करणाऱ्याला ती ओवी मौल्यवान वाटत होती. आमच्याकडे तिची नोंद 'नग' म्हणून झाली, एवढाच फरक.

त्याच २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच. डी.च्या प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले आणि पुढे 'शोधगंगा'वर प्रबंध दिसू लागले. चांगलेच झाले. परंतु त्या जाळ्याची भोके मोठी आहेत. एम. ए.च्या प्रबंधिका त्यातून केव्हाच खाली गळल्या. एम. फिल. ही पदवीच २०२२ मध्ये बंद झाली. तिचे लघुप्रबंध कित्येक विभागांत आता मालक नसलेल्या सामानासारखे पडून आहेत.

गंमत अशी, की आपल्या विषयाचा इतिहास आपण अशाच कारकुनी कागदांवरून लिहितो. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम कॅरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत असे. त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये आला, हे विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करतात. परंतु मराठीच्या त्या पहिल्यावहिल्या 'विभागा'त वैद्यनाथ नावाचे एक पंडित होते, साहेबाला मराठी कळत होती ती अशा पंडितांच्या आधारे, हे समजते ते प्रस्तावनेतल्या उल्लेखावरून आणि अशा नोकरदार पंडितांच्या नेमणुकांचे कागद दप्तरात राहिले म्हणून. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून देशी भाषा बाहेर गेल्या. त्या परत याव्यात यासाठी न्या. रानडे वर्षानुवर्षे झगडले. १८९८ मध्ये त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयी जे टिपण लिहिले त्याचा आधार काय होता? छापल्या गेलेल्या पुस्तकांच्या याद्या. १९०१च्या सुमारास एम. ए.त मराठी आली ती अशी. म्हणजे तुमची-माझी पदवी कोणा अनाम लेखनिकाने नीट ठेवलेल्या यादीलाही थोडी ऋणी आहे.

आमच्या कपाटांत अभ्यासमंडळाची इतिवृत्तेही होती. ती 'अ' वर्गात असल्याने वाचली. त्यांविषयी मात्र माझी तक्रार वेगळी आहे. आत्मकथनांची अभ्यासपत्रिका सुरू करावी की नाही यावर एका बैठकीत कडाक्याचे भांडण झाले होते, असे जुने प्राध्यापक सांगत. एक सदस्य उठून गेले होते म्हणे. इतिवृत्तात काय आहे? 'साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते संमत.' या एका वाक्याने मराठी समीक्षेतले किती वाद गिळले असतील! कायम जपलेल्या कागदात भांडण नाही आणि ज्यात माणसांचे बोलणे होते तो कागद टेम्पोत गेला. असो.

हे सारे मी विसरलेही असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या महाविद्यालयातही पेढे वाटले. रंगनाथ पठारे समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालावर मी विद्यार्थ्यांसमोर व्याख्यान दिले. नाणेघाटचा शिलालेख, गाथासप्तशती, लीळाचरित्र. पुरावा जपणे म्हणजे काय, हे मी तासभर सांगितले. व्याख्यान संपल्यावर एम. ए.ची एक मुलगी थांबली. तिची आईही मराठीची एम. ए., त्याच विद्यापीठाची, १९९३ची. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये ती गेली.

"मॅडम, आईनं ओव्यांवर प्रोजेक्ट केलं होतं. घरी प्रत नाही. आई म्हणायची, डिपार्टमेंटला असेल. तुम्ही तिथं होतात ना?"

मी 'बघते' म्हणाले. काय बघणार होते? तरीही पुढच्या आठवड्यात गेले. मागच्या खोलीत आता संगणक आहेत. गुणनोंदवही मात्र पाच मिनिटांत मिळाली. १९९३, आसनक्रमांक, नाव, प्रबंधिकेचे शीर्षक, गुण एकसष्ट, दोन परीक्षकांच्या सह्या. मार्क अजरामर होते. मी त्या ओळीचे छायाचित्र काढले.

मुलीला ते दाखवताना यादीचे आणि सहीचेही सांगितले. ती रागावेल असे वाटले होते. ती रागावली नाही. फोनवरचे छायाचित्र मोठे करून पाहत राहिली. मग म्हणाली, "हे गाव आमचं नाही." शीर्षकात 'मौजे' लावून माण तालुक्यातल्या एका गावाचे नाव होते. "आईच्या मावशीचं असेल. आम्हांला वाटायचं, आईनं सगळ्या ओव्या आजीकडूनच घेतल्या." दिवाळीच्या सुट्टीत ती तिकडे जाऊन आली. मावशी नव्हतीच. मावशीच्या सुनेला चार ओव्या येत होत्या, त्या तिने फोनवर ध्वनिमुद्रित करून आणल्या आहेत. त्या आईच्या वहीत होत्या की नव्हत्या हे आता कळायला मार्ग नाही.

आमच्या महाविद्यालयातही एक कपाट आहे. गेल्या सत्रापासून शनिवारी दुपारी मी त्यातल्या प्रबंधिकांची यादी करते आहे. विद्यार्थ्याचे नाव, विषय, गाव, आणि आत माहिती देणाऱ्यांची नावे असतील तर तीही. त्या मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी पाने स्कॅन करायला घेतली आहेत. पहिली पन्नास नावे झाल्यावर मी यादी कार्यालयात दिली. अधीक्षकांनी चष्मा वर करून विचारले, "मॅडम, वर्ग कोणता लिहू?"

मी म्हटले, "अ लिहा."

"तसं बसत नाही हो नियमात. प्राचार्यांची टिप्पणी लागेल."

टिप्पणी मी लिहून दिली आहे. फाइल अजून त्यांच्या टेबलावर आहे.