भूकंप सांगायचा कसा

पुण्यात स्पॅनिश शिकत होते तेव्हा वहीच्या एका पानावर त्या भाषेतल्या दोन भूतकाळांसाठी दोन याद्या होत्या. डावीकडे ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘एकदम’. उजवीकडे ‘नेहमी’, ‘रोज’, ‘लहानपणी’. डावीकडचा शब्द दिसला की प्रेतेरितो, उजवीकडचा दिसला की इम्पेर्फेक्तो. झटकन झालं ते पहिल्यात, लांबलं ते दुसऱ्यात. परीक्षेला एवढं पुरतं, रिकाम्या जागा भरतात, गुण मिळतात. बोलताना मात्र या याद्या कामाला येत नाहीत. वाहन उद्योगातल्या नोकरीमुळे मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात राहणं झालं आणि या दोन भूतकाळांचा माझा खरा अभ्यास तिथल्या घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात झाला.

मी त्यांना सेन्योरा म्हणायचे आणि आम्ही दोघी एकमेकींशी ‘उस्तेद’ने, म्हणजे अहो-जाहोने बोलायचो. त्यांची उमेदीची वर्षं मेक्सिको सिटीत गेलेली. एकदा म्हणाल्या, ‘विवि त्रेइंता आन्योस एन ला कापिताल.’ तीस वर्षं राजधानीत राहिले. एवढ्या लांबलचक काळाला माझ्या यादीप्रमाणे इम्पेर्फेक्तोतलं ‘विविआ’ हवं होतं. मी कारण विचारलं. त्यांनी मक्याच्या पिठाचा गोळा खाली ठेवला, तळहात पुसले आणि म्हणाल्या, ‘या से आकाबो.’ संपलं ना ते. तीस वर्षांचं गाठोडं बांधून त्या बाजूला ठेवत होत्या, म्हणून ‘विवि’. पुढच्याच वाक्यात क्रियापद बदललं. ‘विविआमोस एन उन सेगुंदो पिसो’, दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. आता त्यांना १९८५चा भूकंप सांगायचा होता आणि त्यासाठी मला त्या घरात नेऊन बसवायचं होतं. तीच बाई, तीच वर्षं, लागोपाठच्या दोन वाक्यांत दोन काळ.

मेक्सिकोत सप्टेंबर आला की भूकंपाच्या गोष्टी निघतातच. १९ सप्टेंबर १९८५च्या सकाळी राजधानीत हजारो माणसं गेली. २०१७मध्ये त्याच तारखेला, त्या स्मृतिदिनाचा सकाळी अकराचा भूकंप-सराव उरकून दोन तास होतात न होतात तोच ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र पुएब्ला आणि मोरेलोस राज्यांच्या सीमेजवळ. पुएब्लात कुणालाही विचारा, त्या दुपारची गोष्ट सांगतो, आणि प्रत्येक गोष्टीचा सांगाडा तोच. आधी ‘एस्ताबा’, मी अमुक ठिकाणी होते. मिरच्या भाजत होते, रेडिओ चालू होता, धाकटा शाळेतून यायचा होता, मांजर खिडकीत बसलं होतं. हे कितीही वेळ चालू शकतं. ऐकणारा जीव मुठीत धरून असतो, कारण पुढे काय येणार ते त्याला ठाऊक असतं. मग एकच शब्द, ‘तेंब्लो’. हादरलं.

सेन्योरा तेवढ्यावर थांबत नसत. हादरलं, दाराकडे धावले, चौकट धरली, हाका मारल्या, सगळं प्रेतेरितोत, एकापाठोपाठ एक. आणि मध्येच, ‘इ तेंब्लाबा, इ तेंब्लाबा’. हलतंय आपलं हलतंय. क्रमाने पाहिलं तर भूकंप आधीच ‘तेंब्लो’ होऊन गेला होता. त्यांनी तो पुन्हा उघडला आणि मला त्याच्या आत उभं केलं. तीस वर्षांना ‘विवि’ आणि काही सेकंदांना ‘तेंब्लाबा’! काळाची निवड घड्याळावर ठरत नाही, ती सांगणाऱ्यावर ठरते. तो प्रसंगाच्या बाहेर उभा राहून त्याचा शेवट बघतोय, की अजून आतच आहे, एवढंच पाहायचं.

काराकासला जन्मलेल्या आणि पुढे चिलीत स्थायिक झालेल्या आंद्रेस बेयो यांनी १८४७मध्ये खास अमेरिका खंडातल्या लोकांसाठी स्पॅनिशचं व्याकरण लिहिलं. इम्पेर्फेक्तोला त्यांनी ‘कोप्रेतेरितो’ म्हटलं, म्हणजे दुसऱ्या भूतकाळाच्या सोबतीने चालणारा भूतकाळ. मेक्सिकोच्या शाळांत हे नाव अजून चालतं. इम्पेर्फेक्तो म्हणजे ‘अपूर्ण’, त्यापेक्षा ते मला कितीतरी बरं वाटतं. मिरच्या अर्धवट भाजल्या असं कुणालाच सांगायचं नसतं. त्या भाजल्या जात असताना दुसरं काही घडलं, हे सांगायचं असतं.

मी लातूरकडची. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झाला, आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं. आमच्याकडची माणसं ती रात्र सांगतात ती अशी, ‘विसर्जन करून नुकतेच पडलो होतो, पोरं गाढ झोपली होती, आणि हादरलं.’ मग परत, ‘नुसतं हलतच होतं, बघा.’ सेन्योरांची गोष्ट मी याआधी शंभरदा ऐकलेलीच होती! ‘गेला’, ‘जात होता’, ‘जायचा’, शिवाय रीतिभूतकाळातलं ‘जाई’. मराठीत हे सगळं तयार आहे. यातला ‘गेला’ प्रेतेरितोत जातो, बाकीचे तिन्ही इम्पेर्फेक्तोत मावतात. आपण मात्र स्पॅनिश शिकतो इंग्रजीमार्गे, जिथे साधा भूतकाळ ‘गेला’लाही चालतो आणि ‘जायचा’लाही. तिथे फरक पुसला जातो आणि मग याद्या पाठ करायची पाळी येते.

पुस्तकांत ‘अर्थ बदलणारी क्रियापदं’ अशी एक वेगळी चौकट असते. ‘साबिआ’ म्हणजे माहीत होतं, ‘सुपे’ म्हणजे कळलं. ‘नो केरिआ’ म्हणजे त्याची इच्छा नव्हती, ‘नो किसो’ म्हणजे त्याने नकारच दिला. मराठी माणसाला या चौकटीची गरज नाही. दुकानात ‘केरिआ प्रेगुंतार्ले’ म्हणतात, ते तर आपलं ‘जरा विचारायचं होतं’च आहे, त्याच अदबीने.

एका ठिकाणी मराठी साथ देत नाही, तिथे जपायला हवं. ‘तीन दिवस आजारी होते’ यात आपण ‘होते’ म्हणतो म्हणून ‘एस्ताबा’ तोंडात येतं. पण तीन दिवस मोजून झाले, आजार संपला, तेव्हा ‘एस्तुवे’.

१९ सप्टेंबर २०२२ला मी पुएब्लातच होते. दुपारी बारा वाजून एकोणीस मिनिटांनी सराव झाला आणि तासाभराच्या आत खरा भूकंप आला, ७.७ तीव्रतेचा, केंद्र मिचोआकान राज्यात. आमच्याकडे दिवे झुलले, माणसं रस्त्यावर आली. संध्याकाळी सेन्योरांनी विचारलं, ‘दोंदे एस्ताबा?’ मग मी सांगायला बसले. जिन्यात होते, हातात फायली होत्या, सरावाहून परतलेले लोक हसत होते. तेंब्लो. कठडा धरला, खाली उतरले, पटांगणात हजेरी झाली. त्यांनी मध्ये एकदाच अडवलं, ‘इ क्वांतो दुरो?’ किती वेळ चाललं? वेळ विचारतानासुद्धा प्रेतेरितो, कारण मोजायचं तर ते संपलेलं असावं लागतं.

मराठी मुलांना स्पॅनिश शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. याद्या नंतर द्या. आधी प्रत्येकाला अंगावर आलेला एखादा प्रसंग मराठीत सांगायला लावा, ‘होतं’ कुठे आलं आणि ‘झालं’ कुठे आलं त्याखाली रेघा मारायला सांगा, आणि दोन भूतकाळांचा धडा तिथून सुरू करा.