‘अफ’ : एक शब्द, दोन भाषा

गेल्या वर्षी बंगळुरूला शिकायला गेलेल्या माझ्या नातीने मला एक निरोप पाठवला. रोमन लिपीत लिहिलेल्या त्या मराठी ओळीत ‘आजोबा, इथे एकटं वाटतं’ असे होते, आणि ‘एकटं’ या शब्दामागोमाग ‘ए’ व ‘एफ’ ही दोन अक्षरे होती. मी त्यांचा अर्थ शोधला. आजच्या बोलभाषेतील इंग्रजीत विशेषणानंतर येऊन त्याची तीव्रता वाढवणारी ती आद्याक्षरे आहेत. त्यांतले दुसरे अक्षर ज्या शब्दाचे, तो आमच्या पिढीत चारचौघांत उच्चारला जात नसे. मी तत्परतेने तिला भाषेच्या सभ्यतेविषयी चार ओळी लिहिल्या. पुढे दीड महिना तिचे काहीच आले नाही.

त्याच सुमारास मौखिक परंपरांविषयी वाचताना मी अफार भाषेपाशी येऊन थबकलो. इथिओपिया, इरिट्रिया आणि जिबुती या तीन देशांत विभागलेले हे लोक. समुद्रसपाटीच्याही शंभरावर मीटर खाली गेलेल्या दानाकिलच्या तप्त भूमीत मिठाच्या लाद्या कापणारे. त्यांच्या भाषेत ‘अफ’ म्हणजे तोंड, आणि ‘अफ’ म्हणजेच भाषा. शेजारच्या सोमालीतही हा शब्द याच दोन अर्थांनी नांदतो. उर्दूने भाषेसाठी जीभ निवडली. अफारने सबंध तोंड घेतले. आपण पाठांतराला ‘मुखोद्गत’ म्हणतो, तेव्हा त्या जाणिवेच्या जवळच असतो.

सोमालीने १९७२ मध्ये रोमन लिपी अधिकृतपणे स्वीकारली; अफारसाठीही त्याच दशकात रोमन वर्णमाला सिद्ध झाली. त्यामुळेच हे दोन शब्द आज कागदावर एकसारखे दिसतात. देवनागरीत लिहिले की एक ‘अफ’ होतो, दुसरा ‘एएफ’. त्यांच्यात नाते असे काहीच नाही. ध्वनी आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हा सोस्यूरचा सिद्धान्त मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवला आहे. योगायोगातून अर्थ काढणे समीक्षकाला शोभत नाही, हेही मला ठाऊक आहे.

तरीही त्या अफार शब्दाने मला अस्वस्थ केले. एका मुलीने तोंड उघडले होते, आणि मी तिची भाषा तपासत बसलो होतो. त्या ओळीतला कळीचा शब्द ‘एकटं’ हा होता. ती दोन अक्षरे त्याची खोली सांगण्यासाठी आली होती. तिच्यापाशी त्या क्षणी दुसरे साधन नसावे. आयुष्यभर पाठ्य वाचणाऱ्या माणसाने शेपटाकडे पाहिले आणि शब्द वाचायचा राहून गेला.

मी तिला दूरध्वनी केला. ‘बोला आजोबा,’ ती जरा सावधपणे म्हणाली.

‘मी नाही, तूच बोल,’ मी म्हणालो. बराच वेळ ती गप्प होती. मग बोलू लागली.