तापलेला लॅपटॉप

आमच्या नातेपुत्यात वैशाखात पारा ४० च्या पुढे जातो, त्याचं आम्हाला नवल नाही. दुपारी दारं लावून घ्यायची, माठातलं पाणी प्यायचं, ऊन उतरलं की बाहेर पडायचं. यंदा मात्र उन्हाळा बाधला तो सुट्टीला आलेल्या नातवाच्या गेमिंग लॅपटॉपला!

भर दुपारी गेम रंगात आला की पंखे घोंघावायचे, चित्र अडखळायचं, कधी यंत्र चक्क बंद पडायचं. हप्ते अजून फिटायचेत, त्यामुळे आमचे चिरंजीव भडकले. "खेळून खेळून जाळलास!" नातू म्हणे, "बाबा, कॉलेजचा प्रोजेक्टही यावरच आहे." झालं, बापलेकांचा अबोला.

मी पडलो कला शाखेचा. नातवाला म्हटलं, "मला विद्यार्थी समज आणि समजावून सांग." गंमत म्हणजे त्याच्या सांगण्यातून आपला माठच निघाला! प्रोसेसरवर तांब्याची बंद नळी असते, तिच्यात किंचित द्रव. गरम टोकाला त्याची वाफ होते, ती उष्णता घेऊन पंख्याकडच्या टोकाला जाते, तिथं निवून पुन्हा द्रव होते आणि परत फिरते. फरक एवढाच, की माठातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गार होतं. लॅपटॉपला ते साधत नाही. पंखा खोलीतलीच हवा ओढतो. ती ४० अंशांची असेल तर यंत्र त्याहून गार होणार कसं? त्याच्या चार्जरवर २३० वॅट लिहिलंय. एवढी वीज खाल्ली की शेवटी तिची उष्णताच होते. ती नाहीशी करता येत नाही, फक्त बाहेर जायला वाट देता येते.

मग वाट करून दिली. गादीवर ठेवल्यानं खालची भोकं बुजत होती, म्हणून लॅपटॉप टेबलावर आला. मागची बाजू लाकडी ठोकळ्यांवर उचलली. यंत्र बंद करून, पंखा फिरू नये म्हणून पातं काडीनं धरून, जाळीतली धूळ काढली. गेमची चित्रं सेकंदाला ६० वर बांधून टाकली. कूलरचा ओला झोत अंगावर येणार नाही अशी जागा निवडली, समोरची खिडकी उघडी ठेवली. आकडा ९७ वरून ८६ वर उतरला.

आणखी एक कळलं. १०० अंशांच्या आसपास गेल्यावर प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. तो बिघाड नव्हे, स्वतःला जपणं आहे. आषाढीला माउलींची पालखी आमच्या गावी मुक्कामाला असते. वाटेत झाडाखाली टेकलेल्या वारकऱ्याला कुणी 'बिघडला' म्हणतं का?

हे सगळं मी रात्री जेवताना चिरंजीवांच्या कानावर घातलं. ते काही बोलले नाहीत. सकाळी पाहतो तर बापलेक मिळून तिसरा ठोकळा तासत बसले होते. माणसाच्या तापालाही वाटच लागते, नाही का?