उतारवयातले बिऱ्हाड

गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या चिरंजीवांनी फराळाच्या ताटाशेजारी एक गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक ठेवले, तेव्हा ते आमच्यासाठी आहे हे ध्यानी यावयास आम्हांस थोडा वेळ लागला. मुखपृष्ठावर पांढऱ्या केसांचे एक जोडपे हिरवळीवर हसत उभे होते आणि दोघांचेही दात शाबूत होते. आमचे वय छप्पन्न. महाविद्यालयातून निवृत्त होण्यास अजून चार वर्षांचा अवकाश. तेव्हा हे घर कोणा म्हाताऱ्यासाठी, असे आम्ही सहज विचारले. "तुमच्यासाठीच, बाबा," चिरंजीव म्हणाले. "आता घेतलं तर स्वस्त पडेल."

अर्थशास्त्र शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली. मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे उतरत जातो, हे यवतमाळच्या कित्येक पिढ्यांना आम्ही फळ्यावर काढून दाखविले. परंतु त्या वक्रावरचा एक ठिपका आपण स्वतः आहोत, ही जाणीव चकलीचा तुकडा तोंडात असताना व्हावी, असे कधी मनात आले नव्हते. आमच्या मातोश्री समोरच बसल्या होत्या. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. त्यांनी चष्मा लावून ते माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले आणि एवढेच विचारले, "तिथं दारावर भाजीवाली येते का रे?"

चिरंजीवांस हसू आले. आम्हांस आले नाही. सात वर्षांपूर्वी आमचे तीर्थरूप मध्यरात्री न्हाणीघराच्या उंबरठ्यास अडखळून पडले, खुब्याचे हाड मोडले, आणि नागपूरला नेल्यावर ते या घरी परत आले नाहीत. त्या रात्री गाडी मिळेपर्यंत आमचा मुलगा त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. माहितीपत्रकामागे ती रात्र होती, हे आम्हांस ठाऊक होते. म्हणून 'पाहून तर येऊ' असे आम्ही म्हणालो.

हा धंदा कशाच्या जोरावर उभा राहत आहे, हे सांगावयास फारशी विद्वत्ता नको. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले लोक १० कोटी ३८ लाख होते. नीती आयोगाने २०२४ च्या फेब्रुवारीत जे टिपण काढले, त्यातील अंदाजाप्रमाणे २०५० साली दर शंभर माणसांत साडेएकोणीस ज्येष्ठ असतील. ज्या मालाचे गिऱ्हाईक पंचवीस वर्षांत दुपटीकडे जाणार, तो माल बांधावयास भांडवल धावत येते यात नवल नाही. कोइमतूर, चेन्नई, बंगळूर या बाजूस अशा वसाहती सर्वांत अधिक. उत्तरेत दिल्लीच्या आसऱ्याने भिवाडीस. आणि आपल्याकडे मुख्यतः पुण्यास, जेथे परांजपे मंडळींची 'अथश्री' ही वसाहत या शतकाच्या आरंभीच सुरू झाली. ज्या शहरांतली मुले आधी सातासमुद्रांपलीकडे गेली, त्या शहरांतल्या आईबापांसाठी ही घरे आधी निघाली. यवतमाळची मुले आधी पुण्यास जातात, म्हणून आमच्यासाठीचे घरही पुण्यासच.

थंडीत आम्ही उभयता धामणगावास जाऊन गाडीत बसलो. (वर्धा-यवतमाळ-नांदेड लोहमार्गाचा वर्ध्यापासून कळंबपर्यंतचा तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला आहे, यवतमाळच्या माणसाने रेल्वेसाठी धामणगावास जाण्याची वहिवाट मात्र सुटलेली नाही.) त्या वसाहतीचे नाव येथे देत नाही, कारण तिच्याविषयी आमची तक्रार नाही. जागा खरोखर सुरेख होती. उंबरठे नाहीत, न्हाणीघरात हाताशी आधाराचे दांडे, पलंगाजवळ धोक्याची घंटा, पाय घसरू नये अशी फरशी. आमच्या सौ. न्हाणीघरातला दांडा धरून काही वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात काय आले, हे आम्ही विचारले नाही.

खोल्या दाखविणारी मुलगी चतुर आणि नम्र होती. आमचे वय ऐकताच तिचा चेहरा खुलला. येथे घेणारे बहुतेक लोक आमच्याच वयाचे असतात, असे ती म्हणाली. काही स्वतःसाठी, काही आईवडिलांसाठी, आणि काही केवळ गुंतवणूक म्हणून घेतात. सत्तर लाखांची सदनिका. निवृत्त होईपर्यंत एखाद्या ज्येष्ठ जोडप्यास भाड्याने द्यावी, महिना अठरा हजार येतील. सत्तर लाखांवर वर्षास दोन लाख सोळा हजार, म्हणजे शेकडा तीन रुपयांहून किंचित अधिक. जागा रिकामी राहिली तर देखभालीचा आकार आमच्याच माथी. हे गणित आम्ही तिच्यासमोर केले नाही. ती आमच्या विद्यार्थिनींच्या वयाची होती.

खरी मेख सत्तर लाखांत नव्हतीच. बांधकामाचा नफा बांधणाऱ्यास एकदा मिळतो आणि तो मोकळा होतो. पुढे वीस-पंचवीस वर्षे जेवण, झाडलोट, परिचारिका, रुग्णवाहिका हे सर्व चालवावयाचे ते मासिक आकारावर. दोन माणसांस जेवणासह अठ्ठेचाळीस हजार. दरसाल 'साधारण आठ टक्के' वाढ. आठ टक्क्यांनी वाढणारी रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते, हा हिशेब शाळेतला आहे. आम्ही साठाव्या वर्षी तेथे राहावयास गेलो तर पासष्ट हजार, एकोणसत्तराव्या वर्षी एक लाख तीस हजार, आणि देवाने आईएवढे आयुष्य दिले तर चार लाखांवर. दीर्घायुष्याच्या आशीर्वादाचा असा अर्थ आम्ही यापूर्वी कधी केला नव्हता. उलट बाजूस, सरकारच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, शेकडा ८.२ या दराने त्यावर दर तिमाहीस ६१,५०० रुपये मिळतात, आणि पाच वर्षे ते तेवढेच राहतात. एका पारड्यात चढता आकार, दुसऱ्यात थिजलेले व्याज.

भोजनगृहात अकोल्याकडचे एक गृहस्थ भेटले. एकोणऐंशी वर्षांचे, बँकेत अधिकारी होते, तीन वर्षांपूर्वी पत्नी वारल्या. वऱ्हाडचा माणूस भेटला म्हणून त्यांनी आम्हांस आपल्या खोलीवर नेऊन चहा पाजला. ते सुखी होते, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. "इथं एक बरं आहे प्रोफेसर," ते म्हणाले, "फोनची वाट पाहत बसावं लागत नाही. पत्त्यांना चौथा भिडू लागतो, म्हणून लोकच दार वाजवतात." मग आवाज खाली घेऊन म्हणाले की बँकवाल्यांचे निवृत्तिवेतन निवृत्तीच्या दिवशीच्या मूळ वेतनावर गोठलेले, वर महागाईची भर पडते तेवढीच. मासिक आकाराचे वाढीव पत्र आले की तफावत अमेरिकेतील मुलगी भरते. "ती भरते, तक्रार नाही. पण पत्र तिला पाठवताना हात जरा थांबतो." चहा चांगला होता.

परतीच्या गाडीत झोप आली नाही. ही वाढती संख्या सांगणारे सर्व लोक डोकी मोजतात; निवृत्तिवेतने कोणी मोजत नाही. आमच्यासारखे जे १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नोकरीस लागले, त्यांच्या निवृत्तिवेतनास महागाईची जोड असल्यामुळे ते त्या आकारामागे धापा टाकीत का होईना, धावतील. आमच्या विभागातील तरुण सहकारी त्या तारखेनंतरचे; त्यांच्या नशिबी बाजारावर हेलकावणारी पुंजी. २०५० साली म्हातारे पुष्कळ असतील. पण आज ज्यांच्या हिशेबावर ही घरे बांधली जात आहेत, ते निश्चित वेतनाचे म्हातारे तोवर विरळ झालेले असतील. मग तो आकार कोण भरणार?

इंग्लंडात या प्रश्नाचे एक उत्तर मिळून चुकले आहे. 'सदर्न क्रॉस' ही तेथील सर्वांत मोठी शुश्रूषागृह-कंपनी. सुमारे साडेसातशे घरे, एकतीस हजार वृद्ध. तिच्या इमारती गुंतवणूकदारांच्या हाती गेल्या होत्या आणि दरसाल चढत जाणाऱ्या भाड्याने त्यांच्याचकडून घेतलेल्या. नगरसंस्थांनी वृद्धांसाठी द्यावयाच्या रकमेस कात्री लावली, खाटा रिकाम्या राहू लागल्या, भाडे मात्र चढतच राहिले; २०११ साली कंपनी कोसळली. घरे निरनिराळ्या चालकांत वाटली गेली. त्या एकतीस हजारांत आमच्या आईच्या वयाची माणसे किती असतील, आणि ज्या खाटेवर निजलो तिचा मालक कोण हे त्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल!

घरी आल्यावर दुसरे संकट. सत्तर लाख उभे करावयाचे तर राहते घर विकले पाहिजे. दलालाने चाळीस सांगितले. उरलेले चिरंजीव कर्ज काढून घालणार. पण घर आईच्या नावावर आहे. वडिलांनी १९७४ साली बांधले आणि मृत्युपत्राने तिला दिले. वर्गात आम्ही आईबापांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा सांगतो. सांभाळण्याच्या अटीवर मुलास दिलेली मालमत्ता, मुलाने सांभाळ न केल्यास परत मिळविता येते, असे त्याचे तेविसावे कलम आहे. ते कलम ज्या मुलांसाठी लिहिले, त्यांत आपली गणना होईल का, हा प्रश्न आम्ही वर्गात कधी विचारला नाही. एके सकाळी मुद्रांकाच्या कागदाची गोष्ट काढावयाची ठरवून आम्ही आईजवळ जाऊन बसलो आणि वर्तमानपत्र वाचून उठलो.

त्याच वर्षी, २००७ साली, घर न विकता त्यातून वृद्धास उत्पन्न मिळावे म्हणून उलट्या गहाणाची योजना निघाली होती. घर बँकेकडे गहाण, बँक मालकास ठराविक मुदतीपर्यंत हप्ते देणार, आणि हिशेब त्याच्या पश्चात. कल्पना चांगली, पण आपल्याकडे ती रुजली नाही. आम्ही गावातील एका बँकेत विचारले, तेव्हा तेथील तरुण अधिकाऱ्याने योजनेचे नाव दोनदा विचारून घेतले आणि आम्हांस गृहकर्जाचा अर्ज दिला. आईस विचारले असते तर तिने दिले असते ते उत्तर आम्हांस ठाऊक आहे: बाबांचे घर गहाण टाकून मी भाकरी खाऊ काय?

यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली २७ लाख ७२ हजार होती, आणि त्यांतील चारांपैकी तिघांहून अधिक खेड्यांत. त्यांच्यासाठी हा बाजार नाहीच. ज्यांस कोणीच नाही, त्यांच्यासाठी आर्णी तालुक्यात उमरी पठार येथे संत दोला महाराजांच्या नावाचा वृद्धाश्रम आहे. पण तो बाजार नव्हे. या दोहोंच्या मध्ये जी माणसे आहेत त्यांतील एक आमच्या घरीच येते. आईस न्हाऊ घालावयास, दुपारी सोबतीस, बाभूळगावकडच्या खेड्यातून ज्या मावशी येतात, त्या साठीच्या आहेत. नवऱ्यामागे आलेली तीन एकर कोरडवाहू त्यांनी दोन मुलांच्या नावे करून दिली. कपाशीच्या कर्जासाठी सातबारा मुलांच्या नावे असणे सोयीचे, असे त्यांस सांगण्यात आले. त्यांच्या कागदात सांभाळण्याची अट नाही. त्या धाकट्याच्या घरामागच्या खोलीत राहतात. पासष्ट पुरी झाली की श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार मिळतील, म्हणून आधार कार्डावरची जन्मसालाची चूक दुरुस्त करून द्या, असे त्या आम्हांस दोनदा म्हणाल्या आहेत. कोणीतरी त्यांचे वय चार वर्षांनी कमी लिहिले आहे.

अखेर आम्ही केले ते अगदी लहान काम. महारेराने २०२४ च्या मे महिन्यात ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी जे नियम घातले, त्यांत उतार, दांडे, फरशी, दरवाज्यांची रुंदी अशी मापे आहेत. ते नियम बांधणाऱ्यांसाठी. आम्ही ते उतरवून घेऊन गवंड्यास दिले. दार नऊशे मिलिमीटर. त्याने फीत लावून पाहिली आणि म्हणाला, "सर, तीन फूटच धरू ना." न्हाणीघराचा उंबरठा पहिल्या दिवशीच निघाला. आई खुर्ची टाकून समोर बसली होती. तो निघताना ती काही बोलली नाही. उंबरठ्याच्या जागी उरलेल्या चौकोनाकडे मात्र पाहत राहिली. चिरंजीवांचा फोन आला. बयाण्याची मुदत महिनाअखेर होती, ती गेली. कंपनीने पंधरा दिवस वाढवून दिले आहेत म्हणाले. गवंड्याने दांडे कोठे बसविले, त्याचे छायाचित्र आम्ही त्यांस पाठविले. "रात्री काही झालं तर गाडी?" एवढेच त्यांनी लिहिले. त्यास उत्तर अद्याप गेलेले नाही.

जुनी चौकट सागवानी. पन्नास वर्षांत कीड नाही की फट नाही. लाकूडवाला चांगला भाव देईल, असे गवंडी म्हणाला. मावशी आईचे केस विंचरीत होत्या, हात न थांबविता त्यांनी विचारले, "सर, ते दार मले देता का? माह्या खोलीले दार नाही."

आम्ही आईकडे पाहिले. आई म्हणाली, "उद्या सकाळी छोटा हत्ती सांग. कडी-कोयंडा काढू नकोस म्हणावं."